एक्स-रेवाले काका

कॉलरबोन मोडलेले काका तुमच्याही सोसायटीत असतीलच. डावा हात झोळीत, उजव्या काखेत एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट. "काय काका, बरं आहे ना?" असं सहज विचारायची सोय नाही. फिल्म बाहेर आलीच म्हणून समजा.

डोंबिवलीच्या फडके रोडवर त्यांनी ती गणपतीच्या देवळाबाहेरच्या दिव्यासमोर धरली, तेव्हा फुलवालीनं आधी हात जोडले आणि मग विचारलं, "कुठला देव?" एका लग्नात स्टेजवर फोकस छान आहे म्हणून काका नवरा-नवरीच्या मधे उभे राहिले. अल्बममध्ये आता तिघांच्या बरोबरीनं ते हाडही आहे. तपासणीला ठाण्याला जाताना तर पर्वणीच. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरायची, तेवढीच सहप्रवाशांना उसंत. 2022 पासून फास्ट गाड्या मुंब्र्याच्या बाजूनं जातात. आता तीही उसंत गेली!

दुखणं तसं साधं. हे हाड बहुतेक वेळा मधोमध मोडतं आणि तुकडे फार सरकले नसतील तर झोळी आणि विश्रांतीवर सहा ते बारा आठवड्यांत सांधतं. पण काकांसमोर 'साधं' म्हणून बघा! लगेच इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम हजर. 1702 साली बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्यानं उकरलेल्या मातीला त्याचा घोडा अडखळला, राजाची कॉलरबोन मोडली आणि काही दिवसांत न्यूमोनियानं तो गेला. त्याच्या शत्रूंनी त्या प्राण्याच्या नावानं पेले उंचावले म्हणे. "मला पाडणाऱ्या रस्त्यातल्या खड्ड्याच्या नावानं पेला फक्त ठेकेदारच उंचावणार," इति काका. त्यानंतर सायकलपटू टायलर हॅमिल्टन. 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच टप्प्यावर हे हाड तडकलं, तरी गडी शेवटपर्यंत सायकल हाणत चौथा आला. पुढे त्यानं डोपिंगची कबुली दिली, तेवढं मात्र काका गाळतात.

यातली गंमत अशी, की नोकरीची सगळी वर्षं काकांनी लोकलच्या दारात लटकून काढली, पण साधं खरचटलं नाही. निवृत्तीनंतर मेथीची जुडी घेऊन येताना घराजवळच्याच त्या खड्ड्यात आपटले. गाडीतला ग्रुप तोवर पांगला होता. फोन कमी झाले होते, दारावरची बेल तर दूधवालाच वाजवायचा. हाड मोडलं आणि माणसं पुन्हा थांबून बोलू लागली.

खालच्या मजल्यावरचा शाळकरी पोरगा सायकलवरून पडला, त्याचंही तेच हाड. रात्री काका पाकीट न घेता गेले. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पाठीशी दोन उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. बोटं आणि मनगट हलवत राहायचं, हे सगळं स्वतः करून दाखवलं. पोराच्या आईनं चहा विचारला तर म्हणाले, "त्याला झोप लागू दे आधी."

तेव्हा काका गाडीत भेटले तर एक्स-रे जरूर बघा, पण त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा. डावा खांदा अजून गर्दीचा धक्का सोसण्याइतका भरलेला नाही.