यंत्र आपले आभारी आहे

नव्या माणसाचं स्वागत कसं करावं, हे ओपन सोर्सवाल्यांकडून शिकावं. पुण्यातल्या कुठल्याशा वसतिगृहात तिसऱ्या वर्षाचा मुलगा रात्री दोनला आयुष्यातला पहिला पॅच, म्हणजे कुणाच्या तरी कोडमधली दुरुस्ती, पाठवतो. मार्च महिना असतो, गुगलच्या 'समर ऑफ कोड'चे अर्ज तोंडावर असतात, आपलं एक तरी काम मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील, झालेलं दाखवायचं असतं. चार सेकंदांत उत्तर येतं: 'आपल्या अमूल्य योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार!' पुढे टाळ्या, फुगे, रॉकेट. मुलगा हरखतो. आभार बॉटनं मानलेत, हे सकाळी सिनियर सांगतात. माणूस यथावकाश येईल.

तोवर मुलानं रिकामं बसू नये, अशी चोख व्यवस्था आहे. नियमावली वाचायची, आचारसंहिता मान्य करायची, कधी करारपत्रावर सही करायची. मग चाचण्या. पूर्वी त्या आपोआप चालत. पण फुकटच्या यंत्रांवर काही भामटे क्रिप्टो नाणी पाडू लागले, म्हणून 2021 पासून, असे प्रकल्प जिथे नांदतात त्या गिटहबवर, नवख्याच्या चाचण्यांना मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, परवानगी लागते. मेंटेनर नाही म्हणून चाचण्या नाहीत आणि चाचण्या हिरव्या नाहीत म्हणून मेंटेनर बघत नाही. मधल्या काळात मूळ कोड पुढे सरकतो, कॉन्फ्लिक्ट येतात, मुलगा मुकाट रीबेस करतो, म्हणजे आपला पॅच नव्या कोडवर पुन्हा बसवतो. शेवटी पॅच घ्या म्हणणाऱ्या अर्जावर, म्हणजे पुल रिक्वेस्टवर, दुसरा बॉट येतो: 'बरेच दिवस हालचाल नसल्यानं ही पुल रिक्वेस्ट बंद करण्यात येत आहे.' हालचाल कोणी केली नाही, याची चौकशी करणारा बॉट अजून निघायचाय.

मेंटेनरला शिव्या घालण्याआधी मात्र जरा थांबा. तो बिचारा दिवसा नोकरी करतो आणि रात्री भांडी घासून झाल्यावर निम्म्या जगाचे सर्व्हर ज्यावर चालतात ते सांभाळतो. त्याच्या दारात येणारा प्रत्येक जण आपल्या मुलासारखा प्रामाणिक असतो असंही नाही. 2020च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सच्या ऑक्टोबरी उत्सवात, चार पुल रिक्वेस्टना एक टी-शर्ट, असा भाव होता. त्या टी-शर्टापायी लोकांनी दिसेल त्या रीडमी फायलीत 'अप्रतिम प्रकल्प' अशी भर घातली. आपल्या देशबांधवांचा उत्साह त्यात उठून दिसला. महिना सुरू होतो न होतो तोच आयोजकांना नियम बदलावे लागले. आता टी-शर्टाचीही गरज उरलेली नाही. एआय बसल्या जागी पॅच लिहून देतं. लिहायला मिनिट, वाचायला तास. वाचणारा तोच एक.

बरं, माणूस येतो तेव्हा काय होतं? पॅच तीन ओळींचा असेल तर सात जण येतात. व्हेरिएबलचं नाव, टॅब की स्पेस, कमेंटच्या शेवटी पूर्णविराम. समिती अणुभट्टीला झटपट मंजुरी देते आणि सायकलींच्या शेडवर भांडत बसते, हे पार्किन्सनसाहेबांनी 1957 साली लिहून ठेवलं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोल-हेनिंग कॅम्पनं 1999 मध्ये तेच आपल्या मंडळींना सुनावलं. फरक शून्य. तीन हजार ओळी पाठवा, कोणीतरी 'एलजीटीएम', म्हणजे 'ठीक दिसतंय', लिहून मोकळा होतो. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची सुरक्षेची चूक 2011च्या 31 डिसेंबरला रीतसर रिव्ह्यू होऊन आत गेली. ती जगाला दिसायला 2014चा एप्रिल उजाडला. हजार डोळ्यांपुढे बग लपत नाही, ही या पंथाची श्रद्धा. डोळे होतेच. ते पूर्णविराम शोधत होते.

आणि रिव्ह्यू लवकर व्हावा म्हणून सर्वांत तळमळीनं भांडलं कोण? एक्सझेड ही फायली आवळून छोट्या करणारी, असंख्य सर्व्हरांवर बसलेली लायब्ररी एकट्या माणसाच्या हाती होती. 2022 मध्ये काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली: पॅच पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपव. त्याची तब्येत बरी नव्हती, तसं त्यानं सांगितलंही. दुसरा तयारच होता. 'जिया तान' हे नाव लावणारा, नम्र, वक्तशीर, निमूट पॅच पाठवत राहणारा. 2024 मध्ये त्याच हातानं लायब्ररीत चोरवाट बसली. मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनियरला लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळल्यासारखं वाटलं, म्हणून ती सापडली. तक्रार करणारे या तानचेच साथीदार असावेत, असा दाट संशय आहे. नवख्यानं कसं वागावं याच्या पुस्तिका शब्दशः पाळणारा उमेदवार अखेर मिळाला, तो हा. प्रामाणिक पोरं केव्हाच कंटाळून निघून गेली होती.

उपाय कोणाला ठाऊक नाहीत असं नाही. पण ते इतके साधे आहेत की त्यांवर परिषद भरवता येत नाही. पहिल्या पॅचपुढे एका माणसाचं नाव लिहायचं. त्यानं दोन दिवसांत एवढंच कळवायचं, 'पाहिलं, शनिवारी वाचतो', किंवा 'हे आम्हाला नको, कारण अमुक.' नकारही चालतो. मुलगा दुसरं काम धरतो. टॅब-स्पेसचं भांडण यंत्रानं परस्पर मिटवावं. मुलानंही एका पॅचमध्ये सात गोष्टी कोंबू नयेत, का केलं ते दोन ओळींत लिहावं आणि लिनक्स कर्नलवाले सांगतात तसं पिंग करण्याआधी किमान आठवडा थांबावं. आठवडा. युग नव्हे.

फक्त त्यासाठी वाचणाऱ्याचे तास कोणीतरी विकत घ्यावे लागतात आणि इथे मोठ्या कंपन्यांचा कंठ दाटून येतो. कृतज्ञतेनं. तत्परता त्यांना ठाऊक नाही असं मात्र नाही. लॉगफोरजे या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या गोंधळानंतर, 2022च्या जानेवारीत, एका बलाढ्य कंपनीनं 'कर्ल' हे फुकटचं साधन सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गला प्रश्नावली धाडली: तुमच्याकडे लॉगफोरजे वापरलंय का, 24 तासांत कळवा. स्टेनबर्गनं कळवलं की सपोर्टचा करार करा, सगळी उत्तरं आनंदानं देतो. कंपनीनं उलट विचारलं, म्हणजे आम्ही आपले ग्राहक नाही की काय? पत्राच्या सुरुवातीला त्याचं नाव लिहिलं होतं: डेव्हिड.