परीक्षेला न बसलेले पाणी

शाळांचा निकाल वर-खाली होत असतो. मैलाशुद्धीकरण केंद्रांचा सहसा होत नाही. केंद्रात शिरताना, म्हणजे इनलेटला, शहरी सांडपाण्याची बीओडी लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. आउटलेटला ती दहावर आलेली दिसते. नव्वद टक्क्यांच्या पुढे गुण! मग टेबलावर काचेचे दोन पेले मांडले जातात, एकात काळपट पाणी, दुसऱ्यात नितळ. पाहुणे येतात, फोटो निघतो. पुलावरून जाणारा माणूस मात्र नाकाला रुमाल लावूनच जातो, कारण बिचाऱ्याने अहवाल वाचलेला नसतो.

या परीक्षेत खोट काढायला जागा नाही. पाण्यातली घाण फस्त करताना जिवाणू किती प्राणवायू संपवतात, त्याचे माप म्हणजे बीओडी. तीनशे मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, बूच घट्ट लावायचे आणि अंधाऱ्या कपाटात २७ अंशांवर ३ दिवस ठेवायची. आधी किती प्राणवायू होता आणि नंतर किती उरला, एवढाच हिशेब. त्यातही गंमत अशी, की रसायने टाकल्यावर बाटलीत तपकिरी साका बसला तर प्राणवायू शिल्लक आहे आणि पांढराशुभ्र बसला तर संपला. सार्वजनिक जीवनात पांढऱ्या रंगाचा इतका प्रामाणिक वापर अन्यत्र आढळत नाही.

जिवाणू लाच घेत नाहीत, बदलीला घाबरत नाहीत. अडचण एवढीच, की बाटली कधी आणि कुठे भरायची हे जिवाणू ठरवत नाहीत.

ते माणसे ठरवतात. सकाळी सगळे शहर एकदम न्हाणीघरात शिरते, तेव्हा गटारांना पूर येतो. मध्यरात्री ओघ ओसरतो. म्हणून चोवीस तास थोडे थोडे पाणी गोळा करून एकत्रित नमुना घ्यावा, असे शास्त्र सांगते. त्याऐवजी दुपारी जेवणानंतर, जीप उपलब्ध असताना, एक बाटली भरली की तीही नमुनाच ठरते. शिवाय १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २१ मोठे सुसंस्कृत आहे. नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकायचा, तर अधिकाऱ्याने केंद्रचालकाला जागच्या जागी नोटीस द्यायची, त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करायचे, दोघांनी सह्या करून सील लावायचे. चालकावर अन्याय होऊ नये, याची इतकी काळजी घेतलेली आहे. नदीला सही करता येत नसल्याने तिचा उल्लेख या विधीत नाही.

आता उत्तीर्ण व्हायला गुण किती हवेत, ते पाहू. हा प्रश्न मूळचा इंग्रजांचा. त्यांच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात मर्यादा सुचवल्या: तरंगते घन पदार्थ ३०, बीओडी २०. मात्र सोबत अट होती, की हे पाणी ज्या नदीत सोडायचे तिच्यात ते निदान आठपट पातळ व्हावे. महाराष्ट्राने असल्या अटी मनावर घेतल्या नाहीत. खडकवासला धरणाखाली मुठा नदीत उन्हाळ्यात वाहणारे पाणी बहुतांशी पुणे शहराचेच असते. सांडपाणी पातळ करायला नदी हवी, आणि नदी म्हणून जे दिसते ते सांडपाणीच.

पुढे दिल्लीला मर्यादा कडक करायची हुक्की आली. २०१५ च्या मसुद्यात बीओडी १० आणि घन पदार्थ २० वर आणायचे ठरले. सीओडी, म्हणजे घाण रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू, आणि नायट्रोजन यांचीही परीक्षा लागली. देशभरातल्या नगरपालिकांना घाम फुटला असावा. २०१७ ची अधिसूचना निघाली तेव्हा बीओडी महानगरांना २० आणि इतरांना ३० झाली होती, सीओडी व नायट्रोजन अभ्यासक्रमातून वगळले गेले होते. पेपर अवघड वाटला की धडे गाळायचे, हा शिक्षण खात्याचा अनुभव पर्यावरण खात्याच्याही कामी आला. जणू लहान शहरातल्या माशांना कमी प्राणवायू पुरतो.

अखेर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बीओडी १०, घन पदार्थ २०, सीओडी ५०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ असा कडक पेपर पुन्हा काढायला सांगितले. हे शेवटचे दोन विषय किरकोळ नाहीत. आउटलेटचे पाणी बीओडीत पहिले आले, तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यात विरघळलेले राहू शकतात, आणि हेच जलपर्णीचे खत. मग दर वर्षी नदीवर हिरवा गालिचा पसरतो, तो काढायचे टेंडर निघते, आणि खाली उजनी धरणापर्यंत हाच खुराक पोचतो. त्या उजनीतून सोलापूरकर पाणी पितात.

इथवर जे सांगितले ते परीक्षेला बसलेल्या पाण्याबद्दल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या मोजणीनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१; प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३६ वर. शंभरातली बहात्तर मुले गैरहजर असताना वर्गाचा निकाल उत्तम लावण्याची ही पद्धत इतर क्षेत्रांनीही अभ्यासावी. या गैरहजर पाण्याला ना इनलेट ना आउटलेट. ते नाल्यातून थेट नदीत उतरते. परिणाम मंडळाच्याच यादीत आहे. २०१८ मध्ये देशात नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित होते, २०२२ च्या अहवालात ते ३११ झाले. महाराष्ट्राचे ५३ होते, ते ५५ झाले. दोन्ही वेळा राज्य पहिले.

पुण्याने यावर उपाय म्हणून जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रांची, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना आखली. कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्यानंतर शहराने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पोटात घेतली. गावे आली ती संडास-मोऱ्यांसकट आली. योजनेचा कागद मात्र त्यांच्या आधीचा.

महापालिकेची निवडणूक लागली की उमेदवार नदी सुधारण्याचे चित्र घेऊन दारी येतील. त्यांना आउटलेटचा अहवाल मागू नये. तो त्यांच्या खिशातच असेल. आपल्या प्रभागातला नाला नदीला मिळतो तिथल्या पाण्याची बीओडी किती, आणि शहरात रोज तयार होणाऱ्या सांडपाण्यापैकी किती केंद्रापर्यंत पोचते, एवढेच विचारावे. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क दहा रुपये आहे.