ताप अमेरिकेचा, हवा ऑस्ट्रेलियाची

हैदराबादच्या हिमायतनगरात ज्यांची सगळी मुलं एकाच परदेशात आहेत, ती माणसं सुखी आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या तेलुगू गारूंचे दोन्ही मुलगे डॅलसला आहेत. त्यांना भिंतीवर एकच जादा घड्याळ पुरतं, एकाच चलनाचा भाव पाहावा लागतो, आणि संध्याकाळी ते बाल्कनीत निवांत पेपर वाचताना दिसतात. आमची कन्या न्यू जर्सीत आणि चिरंजीव मेलबर्नला. या दोन देशांशी आमचं काही वाकडं नाही. त्यांच्यात श्रेष्ठ कोण, हे त्यांनी आपसात ठरवावं एवढीच आमची अपेक्षा होती. पण हा खटला दर रविवारी सकाळी सहा वाजता आमच्या दिवाणखान्यात चालतो, आणि त्याला आम्ही दोघांनी दात घासून हजर राहायचं असतं.

सहाच का, यामागे गणित आहे. एप्रिल ते सप्टेंबर आपल्याकडे रविवारचे सकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे साडेआठ आणि मेलबर्नला रविवारचे साडेदहा झालेले असतात. कन्येचं जेवण झालेलं असतं, चिरंजीवांची दुसरी कॉफी झालेली असते. तिघांपैकी दोघांची सोय झाली की लोकशाहीत ठराव पास होतो. पुढं मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपलं घड्याळ तासभर पुढं करते, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्न मागं करतं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्न पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका मागं येते. त्यामुळे बहीण-भावातलं अंतर वर्षभरात कधी चौदा, कधी पंधरा, कधी सोळा तास असतं. भारताचं घड्याळ मात्र जागचं हलत नाही, म्हणून हलायचं आम्ही. डिसेंबरात नातवाचा पोहण्याचा क्लास आडवा येतो, तेव्हा आम्ही साडेपाचला उठतो. हैदराबादची थंडी फार नसते, हे मान्य. पण जी असते ती नेमकी साडेपाचला असते.

खरं तर हे दोन देश म्हणजे एकाच वाड्यातली भाऊबंदकी. थोरल्यानं १७७६ साली वेगळी चूल मांडली. तोवर इंग्लंड आपले कैदी अमेरिकेत धाडत असे. ती सोय बंद झाल्यावर दुसरी जागा शोधणं आलं, आणि २६ जानेवारी १७८८ रोजी पहिला ताफा सिडनीच्या खाडीत उतरला. म्हणजे कन्येच्या देशानं दार लावून घेतलं नसतं, तर चिरंजीवांच्या देशाचा मुहूर्त निदान तेव्हा तरी लागला नसता. तिसरी वाटणी आमची. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्यांच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली, ते लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आले, आणि टिपूवर चालून जाताना त्यांनी निजाम आणि मराठे दोघांनाही बरोबर घेतलं. हैदराबादी मराठी माणसाचं दोन्हीकडून नातं लागतं ते असं. हे सगळं मी एका रविवारी समजावून सांगितलं. दोन्ही खंडांतलं नेटवर्क एकाच वेळी गेलं.

एका वाड्यातली भावंडं मोठ्या गोष्टींवरून भांडत नाहीत. लोकशाही, न्यायालयं, शेक्सपिअर, चहाच्या नावाखाली कपात बुडवलेली पुडी, यावर त्यांचं एकमत असतं. भांडण असतं ते विजेच्या पिनेवरून. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज आहे. आपला मिक्सर तिथं नुसती पिन बदलली की नारळ वाटतो. अमेरिकेत १२० व्होल्ट. तिथं आपला मिक्सर नुसता कण्हतो. त्यामुळे कन्येसाठी ११० व्होल्टचा खास मिक्सर शोधायला मला ट्रूप बाजारात जावं लागतं. दुकानदार वर न बघता विचारतो, “अमरीका जारै क्या साब?” आणि किंमत त्या मानानं सांगतो. मिक्सर माझ्या बॅगेतून जातो, माझे कपडे हिच्या बॅगेतून, आणि हिच्या साड्या कपाटात राहतात. यावरून चिरंजीव सिद्ध करतात की ऑस्ट्रेलिया भारताला जवळचा आहे. कन्या सिद्ध करते की अमेरिका कोणाची नक्कल करत नाही. मिक्सर कोणी उचलला, हा मुद्दा इतिवृत्तात येत नाही.

खाऊचंही तेच. मेलबर्नला जायचं तर पेढे, बर्फी बंद. लाळ्या-खुरकुत असलेल्या देशातला दुधाचा पदार्थ तिथं चालत नाही. हिमायतनगरातल्या पेढ्याला खुरकुत झाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही, पण विमानात दिलेल्या कार्डावर खाण्याचं जे जे असेल ते ते लिहावं लागतं, आणि खाली सही करावी लागते. उस्मानिया बिस्किटं सुटतात. “आमच्याकडे एवढं विचारत नाहीत,” असं कन्या अभिमानानं सांगते, आणि त्याच दमात विचारते, की आंबे आणता येतील का. हापूसला अमेरिकेनं २००७ मध्ये दार उघडलं ते लासलगावच्या केंद्रात त्याच्यावर किरणांचा मारा करून, पेट्यांवर शिक्के मारून, व्यापाऱ्यांमार्फत. आईच्या पिशवीतून नव्हे. आमच्याकडे हैदराबादेत हिमायत नावाचाच आंबा मिळतो. तो आम्ही दोघं खातो, आणि नंतर फोनवर यंदा काही खास नव्हता म्हणून सांगतो.

तारखांचा जाच तर लेखी स्वरूपाचा आहे. कन्येनं ‘५/६ ला पोचते’ असं कळवलं तर ती मेच्या सहा तारखेला येते; चिरंजीवांनी हेच कळवलं तर ते जूनच्या पाच तारखेला येतात. शमशाबादच्या विमानतळावर नेणारा गाडीवाला आता तारीख विचारत नाही, “बिटिया आरी या बेटा?” एवढंच विचारतो.

मग मापं. नातवाला अडतीस-पाच ताप आहे असं चिरंजीव म्हणाले, तेव्हा हिला पोर गारठलंय असं वाटून तिनं स्वेटर विणायला घेतला. कन्या एकदा म्हणाली की बाहेर पंच्याण्णव आहे. त्यावर चिरंजीव म्हणाले की पंच्याण्णवला माणूस शिजतो, ताई. दोघांनी आमच्याकडे पाहिलं. बाबा, बरोबर कोण? आता मी कुठल्या तोंडानं निकाल देणार? हिमायतनगरात ताप अमेरिकेचा मोजतात आणि हवा ऑस्ट्रेलियाची. एकशे एक म्हणजे क्रोसिन आणि बेचाळीस म्हणजे उन्हाळा, हे इथल्या लहान मुलालाही कळतं. रस्ता किलोमीटरमध्ये, माणूस फुटांत, दूध लिटरमध्ये आणि प्लॉट गजांत. आपण दशमान नाणी १९५७ मध्ये आणली, पुढच्या वर्षी किलो-मीटरचा अंमल सुरू केला. ऑस्ट्रेलियानं पौंड-शिलिंग सोडून १४ फेब्रुवारी १९६६ रोजी डॉलर धरला आणि नंतर मैलही सोडले. अमेरिकेनं १९७५ मध्ये मेट्रिकचा कायदा केला, पण तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवला. मर्जी अजून झालेली नाही. आमच्या आजोबांच्या काळी निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार शेजारी शेजारी चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार. त्यामुळे दुहेरी हिशेबाची आमच्या घराण्याला सवय आहे. निकाल देण्याची नाही.

धर्मानं यातून सोडवावं, तर धर्म उत्तर गोलार्धात लिहिला गेला. संक्रांतीनंतर सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणून आपण तिळगूळ खाऊन अंगात ऊब आणतो. मेलबर्नच्या दृष्टीनं तो त्यांना सोडून चाललेला असतो, आणि जाता जाता भाजून काढतो. तिथं तीळ अंगात आणि ऊन अंगावर अशी दुहेरी ऊब येते. न्यू जर्सीत त्याच दिवशी दारातलं बर्फ खोऱ्यानं ओढून मग हळदीकुंकू होतं. संकष्टीला चिरंजीव विचारतात, “आई, चंद्र कधी?” हिच्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली वेळ असते, आणि त्या वेळेला चिरंजीव झोपलेले असतात. शिवाय त्यांच्याकडे चंद्र उलटा दिसतो. त्याच्याकडे बघून सोडलेला उपास चालतो का, याचं उत्तर हिनं अजून राखून ठेवलं आहे. कन्येचं म्हणणं, तिच्याकडे चंद्र निदान सरळ आहे.

क्रिकेट हा एवढा एक हुकमाचा पत्ता ऑस्ट्रेलियाकडे होता. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्याच्या पुढच्या रविवारी चिरंजीव फक्त हवामानावर बोलले. सभ्यपणा हाही छळाचा एक प्रकार आहे. मग ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ अमेरिकेनं सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रवळकरनं, जो एरवी संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. त्या दिवसापर्यंत कन्येला पॉइंट कुठं आणि गली कुठं हे माहीत नव्हतं. सहा दिवसांनी त्याच नेत्रवळकरनं आपल्या कोहलीला शून्यावर आणि रोहितला तीनवर बाद केलं. सामना भारतानं जिंकला, पण तोवर देशप्रेम कुठल्या दिशेनं करायचं हे कोणाला उमगत नव्हतं. अमेरिकेला क्रिकेट कळतं, असं आता आमच्या घरात अधिकृतपणे नोंदलेलं आहे.

पूर्वजांचा दाखला द्यावा, तर तोही दोन्ही पक्ष वापरतात. आमचा मोहल्ला ज्यांच्या नावानं वसला ते सातव्या निजामाचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान. त्यांचे पुत्र मुकर्रम जाह हे १९७० च्या दशकात सगळं मागं ठेवून पश्चिम ऑस्ट्रेलियात लाखो एकरांच्या मेंढ्यांच्या माळावर राहायला गेले, आणि यंत्रं दुरुस्त करण्यात रमले. “म्हणजे हिमायतनगरची परंपराच ऑस्ट्रेलियाची,” हे चिरंजीवांचं अनुमान. “पण शेवटी तिथून निघाले ना? तुर्कस्तानला गेले,” ही कन्येची उलटतपासणी. ते जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला वारले आणि मक्का मशिदीत त्यांचं दफन झालं. त्यांना पोचवायला हैदराबादच लागलं, हे माझं म्हणणं. पण मला या खटल्यात पक्षकार मानलेलं नाही.

खटल्याचा सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, “तुम्हांला जास्त कुठं आवडलं?” न्यू जर्सीत विचारलं की मी ओक ट्री रोडची तारीफ करतो, जिथं आपल्याला हवं ते सगळं मिळतं, फक्त तिथवर नेणारी गाडी आणि गाडीवान लागतो. मेलबर्नला विचारलं की ट्रामची, कारण शहराच्या मध्यभागी ती फुकट आहे. दोन्ही उत्तरं काही तासांत दुसऱ्या खंडात पोचतात. आमच्या हिमायतनगरच्या हमरस्त्याची तारीफ मात्र कोणी करायला सांगत नाही. संध्याकाळी तो ओलांडता येत नाही हे खरं; पण ओलांडताना निदान चार माणसं बरोबर असतात.

आणि एक बाब या तुलनेत कधीच येत नाही. अमेरिकेतल्या शाळांना मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट, ऑस्ट्रेलियातल्या शाळांना डिसेंबर-जानेवारी. त्यामुळे कन्या सहसा पावसाळ्यात येते आणि चिरंजीव थंडीत. गाद्या वर्षातून दोनदा गच्चीवर टाकाव्या लागतात, सुंठवडा दोनदा होतो, दंतवैद्याकडे दोन वेगळे हंगाम लागतात. दोघांचा एकत्र फोटो हवा असेल तर फोनची स्क्रीन टिपावी लागते. दोन्ही देशांनी एवढं एक सुट्टीचं पत्रक जुळवून घेतलं असतं, तर व्होल्टचं आम्ही मनावर घेतलं नसतं.

एवढ्यात नांदेडकडच्या पुतण्याचा फोन आला. तो राहतो त्या गावाचंही नाव हिमायतनगर, मूळचं वाढोणा. आमचे आजोबा त्या बाजूचे, आणि तेव्हा दोन्हीकडे निजामाचाच अंमल होता. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव मुंबई राज्यात गेलं, आमचं घर आंध्रात आलं, २ जून २०१४ ला जागच्या जागी तेलंगणात गेलं. कुरिअरवाल्यांना यातलं काहीच कळवलेलं नसावं, कारण आमची पार्सलं आधी पुतण्याला भेटून येतात. तर या पुतण्याला कॅनडाचं काम झालंय. तो देश मी तपासून पाहिला. तिथं हवा सेल्सिअसमध्ये सांगतात, माणसाची उंची फुटांत, रस्ता किलोमीटरमध्ये. वीज अमेरिकेची आणि राजा ऑस्ट्रेलियाचा. इतकं लांब जाऊन त्याला मिळणार हिमायतनगरच, फक्त उणे तीस अंशांत. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

“काका, उणे तीस म्हणजे फॅरनहाइट की सेल्सिअस?” त्यानं विचारलं.

मी त्याला आणखी दहा अंश थांबायला सांगितलं. उणे चाळीसला दोन्ही मापं एकच होतात. त्याच्याखाली आणि त्याच्यावर कुठंही त्यांचं पटत नाही. बहीण-भावाचं एकमत होण्याचं तापमान शास्त्रानं ठरवून ठेवलेलं आहे, ही माहिती येत्या रविवारी मी पटलावर ठेवणार आहे. मे महिन्यातल्या हिमायतनगरात ते गाठता येणार नाही, अशी हिची हरकत आहे. हरकत नोंदवून घेतली आहे.