रेंज फुल्ल, नेट गुल

नामपुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका अण्णांच्या दुकानात जो कॉम्प्युटर आहे, त्याला घरात कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. काकू त्याला 'डबा' म्हणतात. नाशिकला इंजिनिअरिंग शिकणारे भाचेबुवा त्याला 'हेरिटेज' म्हणतात. वीज गेली की त्याचा यूपीएस जे किंचाळतो, त्यावरून शेजारी त्याला काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही. विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम, पोट सुटलेला मॉनिटर, आणि 'ळ' व 'क्ष' पुसून गेलेला कीबोर्ड. अण्णांना ती अक्षरं बोटांनी सापडतात. नव्या पोऱ्याला सापडत नाहीत, म्हणून पोऱ्या टिकत नाही.

हा डबा भंगारात का जात नाही, याला कारण आहे. एक्सपी बाजारात आलं २००१ साली, आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या डीटीपीवाल्यांचा जम बसला तो साधारण त्याच सुमारास. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सोबत पेजमेकर नाहीतर कोरल ड्रॉ, एवढ्या भांडवलावर अर्ध्या महाराष्ट्राची लग्नं लागली. अण्णांकडच्या श्रीलिपीला प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचायचं एक कुलूप आहे. ते कुलूप काढलं की मराठी बंद. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. त्यात त्या काळचे फॉण्ट युनिकोड नाहीत. फाइल दुसऱ्या मशिनवर नेली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, डॉलर आणि टक्क्याची चिन्हं उमटतात. इकडे हार्ड डिस्कमध्ये पंचक्रोशीतल्या घराण्यांच्या पत्रिका पडून आहेत. थोरल्याच्या लग्नाची फाइल उघडायची, नवरदेव बदलायचा, देवाघरी गेलेल्या आजोबांच्या नावामागे 'कै.' लावायचं, की धाकट्याची पत्रिका तयार. हा धंदा टाकून नवा कॉम्प्युटर कोण घेईल?

अडचण झाली ती फोटोंची. हल्ली पत्रिकेवर वधूवरांचा फोटो लागतो आणि तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये असतो. पेनड्राइव्हवर आणा म्हटलं, तर नवे मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. एक्सपी ती पद्धत ओळखत नाही. उलट अदबीने विचारतं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? साखरपुड्याचे सगळे फोटो पुसून टाकण्याची ही ऑफर अण्णांनी एकदा जवळजवळ स्वीकारली होती.

घरात फायबर आलेलंच होतं. राउटर मागच्या घरात, दुकान पुढे ओट्याला लागून, मध्ये धाब्याच्या जुन्या घराच्या दोन मातीच्या भिंती. तार ओढणं सोपं होतं, पण भिंतीला आणखी भोक पाडायचं नाही हा काकूंचा वटहुकूम. म्हणून वायफाय.

गावात इंटरनेटच्या प्रत्येक दुखण्याचं निदान एकच असतं : रेंज नाही. कांद्याचा भाव दिसेना, रेंज नाही. सातबारा निघेना, रेंज नाही. मोबाइलला ते लागू पडतंही. जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हे निदान बहुतेक वेळा चुकतं. रेंज असते, भरपूर असते. नडतं ते दुसरंच. राउटर असतो आजकालचा, डबा असतो वीस वर्षांपूर्वीचा, आणि दोघांना एकमेकांच्या रीती ठाऊक नसतात. अशा वेळी म्हातारा बदलत नाही, तरण्यालाच वाकावं लागतं. पण वाकायला कुठे सांगायचं, हे शोधण्यात दिवाळीची सुट्टी जाते. भाचेबुवांची तशीच गेली.

डेस्कटॉपला वायफाय पकडायचं तर यूएसबीत खोचायचा तुकडा लागतो. मालेगावहून तो आला. डबीवर लिहिलं होतं : ड्रायव्हर आमच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. म्हणजे नेट लागण्यासाठी नेट लागतं. ते मोबाइलवरून जमवलं, तर ड्रायव्हर विंडोज सातच्या पुढचा. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण डबीवर ती कधीच लिहिलेली नसते. एक्सपीला कंपनीच्या नावाशी देणंघेणं नसतं. आतली चिप कुठली, एवढंच त्याला कळतं. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या डबीत पहिल्या आवृत्तीला एक चिप आणि दुसऱ्या आवृत्तीला दुसरीच, असं सर्रास होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हाच्या ओळीवर जाऊन हार्डवेअर आयडी पाहिला की चिपचं खरं गोत्र निघतं. हा तुकडा परत गेला आणि त्याच्या जागी रिअलटेकच्या जुन्या चिपचा, एक्सपीचा ड्रायव्हर असलेला तुकडा आला. दुकानदाराने तो धूळ झटकून दिला आणि वर विचारलं, "हे अजून कोण वापरतं?"

तुकडा बसला, दिवा लागला. यादीत शेजारपाजारची नेटवर्कं उमटली. घरचं दिसेना.

तिन्हीसांजेला ओट्यावर चारजण जमले. गावाकडच्या अहिराणीत पहिली विचारणा झाली, "नेट उनं का?" उत्तर गेलं, "उनं व्हतं, गयं." वास्तविक ते आलंच नव्हतं, पण आलेलं गेलं म्हणण्यात थोडी अब्रू राहते.

घरचं नेटवर्क न दिसण्याची कारणं एकाहून जास्त निघाली. पहिलं काकूंच्या हद्दीतलं. दिव्यांची उघडझाप डोळ्यांना खुपते म्हणून त्यांनी राउटर स्टीलच्या डब्यांच्या मांडणीमागे ठेवला होता. रेडिओलहरी मातीच्या भिंतीत थोड्याफार मुरतात तरी. धातूवरून त्या सरळ माघारी फिरतात. म्हणजे अण्णांचं इंटरनेट रोज साखरेच्या डब्यावर आपटून स्वयंपाकघरातच खेळत होतं. राउटर उंच कोनाड्यात गेला आणि डाळ-तांदळाची सद्दी संपली.

दुसरं कारण पट्टीचं. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. यातली २.४ची पट्टी सरकारने जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केली, म्हणून आज कुणीही उठून घरात राउटर लावू शकतो. अण्णांच्या तुकड्याला फक्त हीच पट्टी ऐकू येते. तीच भिंतींतून जरा बरी जाते, तेव्हा यात त्याचं नुकसान काही नाही. नवे राउटर मात्र दोन्ही पट्ट्या एकाच नावाखाली चालवतात आणि वर चॅनेलही आपल्या मर्जीने निवडतात. आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेच्या हिशेबाने बनलेले जुने तुकडे ११च्या पुढे बघतच नाहीत. भाचेबुवांनी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून दोन पट्ट्यांना दोन नावं दिली आणि चॅनेल ६वर खिळवून टाकला. तरी यादीत दिसलं ते अगम्य चिन्हांचं एक लांबलचक भेंडोळं. ते घरचंच होतं. भाचेबुवांनीच मागच्या उन्हाळ्यात मातृभाषेच्या प्रेमाने नेटवर्कचं नाव देवनागरीत 'सुस्वागतम' ठेवलं होतं, आणि एक्सपीला ते वाचता येत नव्हतं. मराठीचा अभिमान क्षणभर बाजूला ठेवून नाव रोमनमध्ये गेलं.

मग पासवर्ड. तो बरोबर होता, तरी आत घेईना. वायफायची पहिली कुलूपपद्धत वेप, तिची कमजोरी २००१मध्येच उघडी पडली. पुढे डब्ल्यूपीए, मग २००४मध्ये डब्ल्यूपीए-टू, आणि २०१८पासून डब्ल्यूपीए-थ्री. राउटर थ्रीवर अडून बसलेला, आणि अण्णांच्या एक्सपीला टूसुद्धा धड माहीत नव्हतं, कारण त्यावर सर्व्हिस पॅक दोनच होता. ओट्यावरच्या एका जाणकाराने तोडगा काढला : कुलूपच काढून टाका, म्हणजे भानगड नको. असले सल्ले देणारा माणूस प्रत्येक गावात असतो, आणि त्याचं घर बरोबर वायफायच्या टप्प्यात असतं. भाचेबुवांनी त्यांना चहा पाजला आणि सर्व्हिस पॅक तीन बसवला. २००८ साली निघालेली ती तीनशे एमबीच्या वरची फाइल एका जुन्या, छोट्या पेनड्राइव्हवरून डब्यात उतरली. राउटर थ्रीवरून टूवर आला.

घड्याळाशेजारी नेटवर्कचं इवलं चित्र उमटलं. सिग्नल स्ट्रेंथ : एक्सलंट. पाच हिरव्या काड्या, फुल्ल रेंज. आणि चित्रावर पिवळा त्रिकोण : लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी.

इथे एक्सपीचं एक वागणं सांगण्यासारखं आहे. नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. तो आला नाही, तर एक्सपी रुसून बसत नाही. स्वतःच स्वतःला १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता बहाल करतं आणि आपण कुठेतरी राहतो अशा थाटात वावरू लागतं. हा आकडा दिसला की समजावं, बोलणी अर्ध्यातच फिसकटली आहेत. अण्णांच्या डब्यात त्याचं कारण होतं दोघांचा कारभार. एक्सपीची वायरलेस झीरो कॉन्फिगरेशन ही सेवा वायफाय सांभाळत होती आणि तुकड्याबरोबर आलेला कंपनीचा प्रोग्रामही तेच सांभाळत होता. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तोडून आपल्या पद्धतीने जोडायचं. कंपनीच्या प्रोग्रामला रजा दिल्यावर राउटरचा पत्ता मुकाट आला. त्रिकोण गेला.

ब्राउझर उघडला. एकही पान येईना. प्रत्येक साइट म्हणे, सुरक्षा प्रमाणपत्र अजून सुरू झालेलं नाही. आता मात्र ओट्यावरच्या मंडळींनी राउटर उलटा-सुलटा करून पाहायचा ठराव मांडला. दोष होता घड्याळात. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. वीज नसताना तारीख-वेळ तोच धरून ठेवतो. तो केव्हाच मेला होता. त्यामुळे रोज सकाळी बटण दाबलं की डब्यात १ जानेवारी २००२ उजाडत असे. अण्णांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. तिथी ते पंचांगातून घेतात. पण सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं ठराविक तारखांपुरती असतात, आणि २००२मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती सगळी भविष्यातली. सेल घड्याळजीकडेच मिळाला.

तारीख दुरुस्त झाली. पानं तरीही उघडेनात. आता मात्र खरोखरच भिंत लागली होती. एक्सपीचं स्वतःचं इंटरनेट एक्स्प्लोरर टीएलएस १.० या जुन्या करारापलीकडे जात नाही, आणि २०२०पासून मोठ्या ब्राउझरांनीही तो करार मोडीत काढला आहे. एक्सपीला क्रोमची नवी आवृत्ती २०१६नंतर नाही. मायक्रोसॉफ्टने तर ८ एप्रिल २०१४लाच हात वर केले. पुढे मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर फाइली ओलीस धरल्या, तेव्हा कंपनीने अपवाद म्हणून एक्सपीसाठी एक ठिगळ काढलं, एवढंच. अशा मशिनवरून बँकेचा व्यवहार करणं म्हणजे शुद्ध अविचार. भाचेबुवांनी हे मामांना समजावलं. मामा म्हणाले, "बँक कुणाला पाहिजे? मला नवरीचा फोटो पाहिजे."

हे वाक्य आधी ऐकून घेतलं असतं, तर सुट्टी वाचली असती. असं शहाण्यासुरत्यांचंही होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. साखर कारखान्याच्या गावांत कॉम्प्युटर बसवले, जगाचं ज्ञान बांधावर येणार म्हणून गाजावाजा झाला. शेतकऱ्यांनी मुख्यतः आपल्या उसाचं वजन आणि आपला हिशेब पाहिला. काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी साध्या मोबाइलचा एसएमएस आणून पाहिला, आणि तेवढ्यावर काम भागलं.

अण्णांचं काम भागायला जगाशी जोडलं जाण्याची गरजच नव्हती. कोनाड्यातल्या राउटरपर्यंत पोचलं की झालं होतं. भाचेबुवांनी अण्णांच्या मोबाइलमध्ये एफटीपी चालवणारं ॲप टाकलं आणि एक्सपीच्या फोल्डरच्या खिडकीत मोबाइलचा पत्ता लिहिला. एफटीपी ही फाइलींची ने-आण करायची रीत एक्सपीपेक्षाही म्हातारी, दोघांचं जमलं. मोबाइलचं फोल्डर डब्यात उघडलं. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली नवरी घरातल्या घरात, वायफायवरून कोरल ड्रॉत येऊन बसली. राउटरमध्ये डब्याची बाहेरची वाट बंद करून टाकली. प्रूफ झालं की उलट्या मार्गाने मोबाइलवर, तिथून गिऱ्हाइकाकडे.

पहिलं प्रूफ असं गेलं आणि काही मिनिटांत सुरतेहून उत्तर आलं. खानदेशातली निम्मी पाहुणेमंडळी सुरतेत असतात, त्यामुळे प्रूफ आधी तिकडे फिरतं. व्हॉइस मेसेजमध्ये एक बाई ठणकावून विचारत होत्या की, नवरदेवाच्या धाकट्या आत्याचं नाव कुठे आहे. निमंत्रकांच्या ओळीत सुई शिरायला जागा नव्हती. अण्णांनी चष्मा चढवला, फाइल पुन्हा उघडली आणि सगळ्या काकांचा टाइप अर्ध्या पॉइंटने बारीक केला.