चिचगडचा अभ्यास करायचाय? आधी परदेशी जा

मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय फेलोशिप हवी असेल, तर चिचगडचा जन्म हे मोठंच भांडवल. गोंदिया जिल्ह्यातला देवरी तालुका, पलीकडे छत्तीसगड, चहूकडे जंगल. अर्जातला ‘पार्श्वभूमी’चा परिच्छेद बसल्याबसल्या भरतो. एकच पथ्य पाळा: गावात काय आहे ते लिहू नका, काय नाही ते लिहा.

आधी दाते पारखा. अमेरिकेचं फोगार्टी सेंटर १९६८ पासून अशा संशोधनाला पैसा देण्याचं काम करतंय. ज्यांच्या नावाचं ते, ते जॉन फोगार्टी खासदार होण्याआधी गवंडीकाम करत. पाया पक्का असणार! त्यांच्या एका योजनेत अमेरिकेतले तरुण संशोधक वर्षभर आपल्यासारख्या देशांत येऊन शिकतात. म्हणजे तुम्ही चिचगड समजून घ्यायला तिकडे आणि ते इकडे. विमानतळावर गाठ पडलीच, तर देवरीहून गाडी कुठे बदलायची तेवढं सांगा.

वेलकम ट्रस्ट आणि आपला जैवतंत्रज्ञान विभाग यांची इंडिया अलायन्स २००८ पासून आहे. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपही आहे; तिच्याकडे शेवटी येऊ.

आता हत्यार. पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य चाचपणारी नऊ प्रश्नांची यादी मिळवा, फुकट असते. फायझर कंपनीच्या पैशातून ती अमेरिकेत तयार झाली. नैराश्यावरची गोळीही ही कंपनी विकत असे, हा योगायोग मनातच ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं ते विचारायचं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की पुढची तपासणी.

धान कापणीला आलेलं असताना यादी घेऊन बांधीवर जा. माणूस रात्रभर जागलीला, डोळे लाल. तिसरा प्रश्न विचारा: झोप लागत नाही का?

“लागली तं डुकरं धानात घुसतेत जी.”

लिहा तीन. चौथा प्रश्न थकव्याचा, त्याचेही तीन. पाचवा भुकेचा, डबा अजून आलेला नाही, तिथे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अख्खा टोला असा तासाभरात नैराश्यग्रस्त ठरवता येतो. उलटंही होतं. जिचं मन खरोखर खचलंय ती बाई सासू शेजारी बसलेली असताना नऊही प्रश्नांना “काही नाही जी, बरं आहे” म्हणते, आणि तुमच्या तक्त्यात ठणठणीत निघते. ती जेवत नाही हे आशाताईला महिन्यापासून ठाऊक असतं. आशाताईचं नाव शोधनिबंधाच्या आभारात घाला, शेवटच्या ओळीत, जागा उरली तर.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे मात्र थट्टा नको. “हो” आलं तर पुढे काय, हे ठरल्याशिवाय तो विचारूच नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून देणं चांगलंच, पण माणसाला गोंदियापर्यंत नेणार कोण आणि भाडं कोण देणार, हेही अर्जात हवं. बहुतेक अर्जांत लॅपटॉपचा खर्च जास्त तपशिलात असतो.

वेळ बघून जा. मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे घरात कुणी नसतं, तेंदूच्या हंगामात दिवसभर नसतं. मे महिन्यात सर्वेक्षण ठेवलंत, तर कुलपांच्या मानसिक आरोग्यावर लिहावं लागेल.

आधीचं काम वाचा. हे गंभीरपणे सांगतोय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त ते छापून आलं. शिकवलं ते विदर्भातल्या माणसांना, विदर्भातच. फेलोशिपच्या अर्जात ही गोष्ट जपून मांडा. परीक्षक विचारतील, मग तुम्हाला बोस्टनला कशाला पाठवायचं?

परवानग्यांचं थोडक्यात: नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि पैसा परदेशी असेल तर बहुधा आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही. दरम्यान एखादा धानाचा हंगाम निघून जाईल.

राहिली फुलब्राइट. तिच्या व्हिसाची अट अशी की तिथे स्थायिक व्हायचं झालं तर आधी दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. घाबरू नका. मायदेशी म्हणजे चिचगडला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पुण्यात राहिलं तरी चालतं.