कोअरकर

कोअरकरांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण सोसायटीत ते आता कोणाला आठवत नाही. कुणी कुठेही, अगदी स्मशानातून परतताना जरी 'कॉम्प्युटर' म्हणालं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोअर किती?" त्यावरून हे नाव पडलं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक ऑफिसात असतो. आमचे पुण्याचे आहेत, त्यामुळे त्यांचं मत मागावं लागत नाही एवढंच.

त्यांच्या टेबलाखाली दोन कॅबिनेट. एकात इंटेलचा आय-फाइव्ह १२४००, दुसऱ्यात एएमडीचा रायझन फाइव्ह ५६००. दोन्ही २०२२ मध्ये बाजारात आलेले, दोन्हींना सहा कोअर आणि बारा थ्रेड, दोन्हींच्या खोक्यावर ६५ वॅट, दोन्हींचा कमाल वेग ४.४ गीगाहर्ट्झ. "मग दोन कशाला आणलेत?" असं वहिनींनी एकदा विचारलं होतं. कोअरकरांना हा प्रश्नच कळला नाही. एकच आणला असता तर तुलना कशाशी करायची?

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की सिनेबेंच लागतं. यात प्रोसेसरला एक चित्र साकारायला देतात. पडद्यावर छोटे छोटे चौकोन उमटतात, एकेका थ्रेडच्या वाट्याला एकेक, आणि बारा चौकोन एकदम भरू लागले की कोअरकर सवाई गंधर्वला पुढच्या रांगेत बसल्यासारखी मान डोलावतात. दहा मिनिटं तेच चित्र पुन्हा पुन्हा. शेवटी जो आकडा येतो तो वहीत जातो. वही लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. रकाने असे: तारीख, गुण, चिपचं तापमान, खोलीचं तापमान, पंखा कितीवर.

खोलीचं तापमान हा त्यांचा खास हट्ट. परदेशातले परीक्षक एसीत वीस-बावीस अंशांवर बसून मोजणार आणि आपण ते आकडे वैशाखात पुण्यातल्या वरच्या मजल्यावर प्रमाण मानणार, हे त्यांना मंजूर नाही. कूलरला हवाच गरम मिळाली तर चिपही तेवढी जास्त तापणार, आणि फारच तापली तर ती स्वतःहून वेग उतरवणार. म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ते लग्नाच्या पंगतीत, शेजारच्याचा मठ्ठा गार असताना सांगायचं नसतं.

खोक्यावरच्या ६५ वॅटवरही त्यांचा विश्वास नाही. इंटेलने या चिपला गरजेला ११७ वॅटपर्यंत जायची मुभा दिली आहे, आणि एएमडीचे ६५ सॉकेटपाशी ७६ होतात. फरक ४१ वॅटचा. रोज तासभर पूर्ण ताण दिला, तर कागदोपत्री महिन्याला महावितरणचं सव्वा युनिट. हे सव्वा युनिट पक्कं करायला दोन्ही यंत्रं रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू होती.

निकाल विचाराल तर एका थ्रेडच्या कामात इंटेल पुढे. एएमडीकडे ३२ एमबी एल-थ्री कॅश, इंटेलकडे १८, तरी गेममध्ये बहुतेकदा एकोणीस-वीसच. या यंत्रांवर होतं काय, तर सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त आणि वहिनींच्या भिशीचा तक्ता. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की जो फरक वहिनींना पहिल्या मिनिटाला जाणवतो, तसा या दोन चिपांमधला जन्मात जाणवणार नाही. हेही मला कोअरकरांनीच सांगितलं.

असा माणूस एका कंपनीचा भक्त असणार, असा लोकांचा समज असतो. कोअरकर नाहीत. मार्च २००० मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉनने इंटेलच्या दोन दिवस आधी एक गीगाहर्ट्झ गाठला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते म्हणतात. पण २०११ मध्ये त्याच एएमडीचा आठ कोअरचा एफएक्स-८१५० गेममध्ये इंटेलच्या चार कोअरच्या आय-फाइव्ह २५००के पुढे हात टेकू लागला, तेव्हा त्यांनी त्याची सालटी काढली. २०१७ मध्ये रायझन आला आणि सर्वसामान्यांच्या बोर्डावर आठ कोअर बसवून गेला, तेव्हा चार कोअरवर रेंगाळलेल्या इंटेलला बोल लावले. त्यामुळे दोन्ही गटांचे लोक त्यांना दुसऱ्या गटाचे समजतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नातू आर्किटेक्चरला लागला. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने त्यांना स्वस्तात संगणक दाखवला. काकू जाताना कोअरकरांना घेऊन गेल्या.

"आय-सेव्हन आहे काकू, सगळ्यात वरचा," दुकानदार म्हणाला.

"कितव्या पिढीचा?"

"साहेब, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन."

"बिलावर पूर्ण नंबर लिहून द्या बघू."

दुकानदार पेनाचं टोपण शोधू लागला. नंबर निघाला २६००. शेवटचे तीन आकडे झाका, उरली ती पिढी: दुसरी, २०११ ची. चार कोअर, आठ थ्रेड. तेवढेच कोअर आणि तेवढेच थ्रेड असलेला २०२२ चा आय-थ्री १२१०० या आजोबांना सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचं जवळपास काही नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचाच. कोअरकरांनी हे सगळं भर दुकानात, दुकानदाराचाच चहा पीत सांगितलं. काकूंनी पर्स बंद केली.

इथे थांबले असते तर सोसायटीने सत्कार केला असता. पण येताना रिक्षात काकूंनी विचारलं, "अहो, मग कोणता घेऊ?"

मग काय! ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड आलं; आर्किटेक्चरला कार्ड तसंही लागणारच, म्हणजे तो मुद्दा गेला. पण एएम-फोर सॉकेट आता म्हातारं झालं, मग एएम-फाइव्ह का नको? त्याला डीडीआर-फाइव्ह रॅम लागते, तिचा भाव? आणि नवी पिढी येऊ घातली आहे, गणपतीपर्यंत थांबलेलं बरं. गणपती गेले. दसरा गेला. नातवाची पहिली दोन सबमिशन मित्राच्या लॅपटॉपवर झाली. शेवटी काकूंनी जावयाला फोन केला आणि त्याने जेवणाच्या सुट्टीत आय-फाइव्ह १२४०० आणि एक कार्ड घेऊन टाकलं. कोअरकर बघायला आले, खाली वाकून पंखा ऐकला आणि म्हणाले, "वाईट नाही. पण..."

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या कोअरकरांना जरूर विचारा, फक्त 'कोणता घेऊ' असं विचारू नका. दुकानदाराचं कोटेशन पुढे ठेवा आणि 'यातलं काय घेऊ नको' एवढंच विचारा. उत्तर पाच मिनिटांत मिळतं, फुकट मिळतं आणि खरं असतं. सहाव्या मिनिटाला मात्र उठा.