फॉरमॅट मारा जी!

भंडारा जिल्ह्यात धानाला तुडतुड्याची भीती असते, अवकाळीची असते, कालव्याचं पाणी वेळेवर न सुटण्याची असते. कॉम्प्युटर-तज्ज्ञांच्या पिकाला कसलीच भीती नाही. 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हापासून हे पीक बांधाबांधावर डोलतं आहे.

तुमसर असो की साकोली, लाखनी असो की पवनी, घरचा कॉम्प्युटर रुसला की शेजारून सल्ला येतोच, "काहून जी, चालू नाही होऊन राहिला? फॉरमॅट मारा!" उंदराने वायर कुरतडली, फॉरमॅट मारा. प्रिंटरची शाई संपली, फॉरमॅट मारा. मग कॅबिनेट स्कूटरवर बसून दुकानात जातं, फॉरमॅट होऊन परत येतं आणि तेव्हा कळतं, की मॉनिटरचं बटणच दाबलेलं नव्हतं. तोवर भाच्याच्या लग्नाचे फोटो वैनगंगेला मिळालेले असतात.

दुसरा पंथ रिफ्रेशवाल्यांचा. हे लोक माऊसची उजवी कळ दाबून रिफ्रेश, रिफ्रेश असा जप करतात. त्याने पडद्यावरची चित्रं नव्याने मांडली जातात, वेग तसूभरही वाढत नाही. पण भाविकाला पुरावा लागत नाही. गंमत म्हणजे खरा उपाय त्याच पडद्यावर असतो: रीस्टार्ट. विंडोज 10 किंवा 11 मध्ये 'शट डाउन' केलं तरी, लवकर सुरू होता यावं म्हणून, मशीन बहुधा अर्धवटच झोपतं. 'रीस्टार्ट' केलं तरच नव्याने डोळे उघडतं. पण एवढा सोपा उपाय सांगणाऱ्याला तज्ज्ञ कसं म्हणावं?

आता काळाचा महिमा पाहा. धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीची मुदत संपत आलेली आणि घरच्या कॉम्प्युटरवर तारीख 1 जानेवारी 2009. कुठलीच साइट उघडत नाही. कोणी टॉवरला शिव्या देतो, कोणी सरकारला. दोष असतो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर 2032, तीन व्होल्ट, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो मेला की वीज गेल्यावर मशीन तारीख विसरतं. मग साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला 'अजून जन्मलेलंच नाही' असं दिसतं आणि ते दार लावून घेतं. प्लग काढा, सेल बदला, तारीख नीट लावा. सरकारला शिव्या द्यायला दुसरी कारणं आहेतच.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. आपण कुलरसमोर बसतो आणि कॅबिनेटला टेबलाच्या बंद खणात कोंबून वर क्रोशाचा रुमाल घालतो. प्रोसेसर तापला की आपणहून मंद होतो, फारच तापला की मशीन बंद पडतं. यावर अँटिव्हायरस विकणारे आहेत. राइस मिलच्या आसपास राहणाऱ्यांनी कॅबिनेट उघडून बघावं, आत एका कोंबडीपुरता कोंडा निघेल. प्लग काढून, पंखा बोटाने धरून, ब्लोअर मारावा. दिवाळीच्या साफसफाईतलं ओलं फडकं मात्र लांब ठेवा. चालू करताच बीप-बीप ओरडत असेल तर प्लग काढून, रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर हलकेच फिरवावं, चुरा झटकावा, पट्टी 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवावी. त्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवून घ्यावी.

धानाच्या जिल्ह्यात भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात जाणार, हे ओघाने आलंच. ॲपलने 2024 मध्ये आयफोनवाल्यांना बजावलं, की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड होईल. आमच्या चिन्नोर तांदळाचा हा कॅलिफोर्नियातून झालेला अपमान! जिल्ह्यात अजून एकाही पक्षाने मोर्चा कसा काढला नाही? लॅपटॉपवर चहा सांडला तर लगेच बंद करा, चार्जर काढा, पालथा घाला आणि दुरुस्तीला न्या. तांदूळ भातासाठी राहू द्या.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, तेव्हापासून फॉरमॅटवाल्यांना सुगीचे दिवस आहेत. ते तुमच्याही दारी येतील. मान डोलवण्याआधी फोटो आणि सातबाऱ्याच्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि मॉनिटरचा दिवा लागलाय का, तेही एकदा पाहून घ्या जी.